पाव आट्याचे दाजी

जगात वाईट अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे धूळ, बाकीचं सगळं वाईट तिच्यापासूनच पैदा झालेलं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, हा नवरा. सासरवाडीत सगळे त्यांना ‘मोठे दाजी’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो, आणि पुढं पुढं ट्रकवाल्यांनीही ऐकून ऐकून तेच नाव उचललं. नाशकात द्वारकेजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून गॅरेजांची रांग होती, तिच्यात त्यांचं डिझेलपंप दुरुस्तीचं दुकान होतं. हा पंप म्हणजे विहिरीवरचा नव्हे. ट्रकच्या इंजिनाला कडेनं चिकटून बसलेला, प्रत्येक सिलिंडरला डिझेल मोजून आणि वेळेवर पोचवणारा हा हातभर लांबीचा जिन्नस. मी ओझरच्या विमान कारखान्यात भांडारातला कारकून. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, तोवर मला ट्रकबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो पुढं असला की आपल्या तोंडावर धूर येतो.

त्या रांगेतली बाकीची माणसं सकाळी कोणत्याही रंगाची आली तरी संध्याकाळी एकाच रंगाची होऊन घरी जात. दाजी मात्र पांढरा लेंगा आणि पांढरा सदरा घालून येत आणि तसेच पांढरे परत जात. नवखी माणसं त्यांना कंपाउंडर समजून आत येत आणि खोकल्याची तक्रार सांगू लागत. दाजी त्यांना आधी चप्पल काढायला लावत. पंप उघडायची खोली आत होती, आणि तिच्यात शिरायचं तर चप्पल बाहेर, मग अंगणातल्या नळावर साबणानं हात, मग दारातल्या ओल्या पोत्यावर पाय, असा क्रम होता. त्याचं कारण ते प्रत्येकाला नव्यानं सांगत: पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात केसभरसुद्धा फट नसते, तिथं धुळीचा एक कण गेला की पंप कामातून गेला. ज्यांच्या अंगणाबाहेर उभं राहून आमच्या आज्याला वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागे, तसल्या घराण्यातले दोन-तीन ट्रकमालक मी त्या नळावर रांगेत उभे राहून, बाह्या वर करून, नखं घासताना पाहिलेत. एकानं जरा कुरकुर केली, की आम्हाला काय असं बाहेर उभं करता. दाजी शांतपणे म्हणाले, “इथं जात नाय विचारत शेठ, धूळ विचारतो. कोपरापर्यंत धुवा.” खोलीत बुद्धाची एक तसबीर होती. तिच्या काचेवर मी कधी बोटाचा ठसाही पाहिला नाही.

दुकानात ठेवून यावी अशी ही सवय दाजी रोज घरी घेऊन येत. दूध दोनदा गाळायचं, पाणी तीनदा, आणि चहा गाळल्यावर गाळणं उजेडात धरून बघायचं. अक्का सांगे, “मला बघायला आले तेव्हा पोरगी नंतर बघितली. आधी आमच्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं.” गज स्वच्छ निघाला म्हणून लग्न जमलं. पंप तपासायचं त्यांचं एक यंत्र होतं. त्याच्यावर पंप चढवून फिरवला की सहा नळ्यांतून सहा काचेच्या मापांत डिझेल पडे, आणि दाजी एक डोळा मिटून, उकिडवे बसून, सहाही मापांतली पातळी एका रेषेत आहे का ते बघत. सहा मापं जुळली नाहीत तर इंजिन आपसात भांडतं आणि निम्मी ताकद भांडणातच जाते, असं ते म्हणत. हे फार चांगलं होतं, पण पंगतीत आमटी वाढायचं काम त्यांच्याकडे आलं की ते सगळ्या वाट्या ओळीत मांडून तसेच उकिडवे बसत आणि कुणाच्या वाटीतला एखादा चमचा काढून कुणाच्या वाटीत घालत. आमच्या घरात गरम आमटी आम्ही फक्त दाजी परगावी असताना खाल्ली.

या सगळ्या नेमात एकच भगदाड होतं. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे एका कुबडीवाल्याची चहाची टपरी होती. एक पाय गुडघ्यापासून नसलेला, कुबडी काखेत धरून एका हातानं चहा ओतणारा माणूस. आग्रा रोडवरचा प्रत्येक ट्रक त्याच्या पातेल्यावर आपला वाटा टाकून पुढं जाई. रोज चार वाजता दाजी पांढऱ्या कपड्यांनिशी रस्ता ओलांडून जात, त्या कळकट बाकड्यावर बसत, आणि तो चहा न गाळता, ग्लासही न पुसता, चोथ्यासकट पिऊन येत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “चहा चांगला असतो.” चहा मुळीच चांगला नसे. प्रत्येक विक्षिप्त माणसाच्या डोक्यात एखादा कोपरा झाडायचा राहतोच, असं समजून मी तो विषय सोडून दिला.

पण दाजींचं नाव मनमाडपासून मुंबईपर्यंत झालं होतं ते धुळीमुळे नव्हे, पाव आट्यामुळे. पंपावर एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावं ते त्याच्यावर ठरतं. कंपनी तो एका मापावर बसवते, तारेनं बांधते आणि तारेला शिशाचं सील मारते. हा स्क्रू थोडा फिरवला की डिझेल वाढतं, गाडीला ताकद येते, घाटात पुढच्याला मागं टाकता येतं. त्यामुळे ट्रकवाल्यांचा या स्क्रूवर फार जीव. इतर मिस्त्री मागेल तेवढा फिरवून देत. त्यांच्या गाड्या काळा धूर ओकत लांबूनच ओळखू येत. दाजींकडे तसं नव्हतं. ते आधी पंप पूर्ण खोलून, धुऊन, सहा मापं जुळवून घेत, आणि मग ड्रायव्हरला समोर बसवून त्याची चौकशी करत. मुलीसाठी स्थळ बघताना करतात तशी. घरी कोण कोण असतं, झोप किती घेतो, उतारावर गाडी न्यूट्रल करतो का. शेवटचा प्रश्न ठरलेला असे: “घाटात पुढं हळू गाडी लागली तर काय करतो?” हॉर्न वाजवतो म्हणणाऱ्याला दाजी सरळ वाटेला लावत. एका पिंपळगावच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं, “काय करनार? बिडी पेटवतो.” दाजींनी त्याला उठून पाणी दिलं.

जो पास होई त्याला पाव आटा मिळे. म्हणजे स्क्रूचा पाव फेरा, त्याहून जास्त कुणालाच नाही, आणि त्याचं दाजी काही घेतही नसत. ड्रायव्हरच्या डोळ्यांदेखत स्क्रू फिरवायचा, “दिसलं का?” असं विचारायचं, आणि मग त्याला पुन्हा बाहेर नळावर पाठवायचं. कारण नवीन सीलचं शिसं पक्कडीत धरून दाबायचं ते ड्रायव्हरनं स्वतः, आणि तेही नुकत्याच धुतलेल्या हातांनी. “शिसं तू दाबलं, आता गाडीला काय झालं तर माझं नाव नाय घ्यायचं,” असं दाजी त्याला सांगत. आत येताना एकदा आणि सील दाबताना एकदा, असे दोनदा हात धुण्याचं हे प्रकरण ड्रायव्हर मंडळी पुढं ढाब्यांवर रंगवून सांगत. त्या गाड्या खरोखर चांगल्या चढत आणि धूरही करत नसत, त्यामुळे दाजींच्या हातात काहीतरी आहे असं सगळे मानत. मी रविवारी सुटी म्हणून दुकानात बसून असे, आणि हळूहळू मलाही ते पटलं.

मग आमच्या मेहुण्यानं ट्रक घेतला. हा माझ्या बायकोचा आणि अक्काचा एकुलता एक धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे त्याला अक्कानंच वाढवलं होतं आणि तिनं त्याला काही म्हणून कमी पडू दिलं नव्हतं, अक्कल सोडून. मनाचा निर्मळ, पण पोटात काही राहत नसे आणि घाई एवढी, की जेवताना ताट संपायच्या आधीच तो हात धुवायला उठे. लासलगावचा कांदा मुंबईला न्यायचा आणि येताना मिळेल तो माल भरून कसाऱ्याचा घाट चढायचा, असा त्याचा धंदा. ट्रक जुना होता, घाटात सगळे त्याला मागं टाकत, आणि घरात साक्षात दाजी असून आपली ही गत म्हणून त्याला शरम वाटू लागली. तो पाव आटा मागायला आला. दाजींनी चौकशी केली.

“घाटात पुढं हळू गाडी लागली तर काय करतो?”

“दाजी, मी पुढं गाडी ठेवतोच कशाला?”

दाजींनी नाही म्हणून सांगितलं. त्यावर अक्कानं घरात वेगळाच उपाय योजला. तिनं गाळणं वापरायचं सोडून दिलं. दूध सायीसकट, पाणी हंड्यातलं तसंच, चहात पत्ती तरंगते आहे. “जगाला देता आन् माझ्या भावाला नाय. तो गाडीखाली मेला तर चालंल, लोकांच्या मागं मागं राहून रोज मरू द्या त्याला,” असं ती बोलली. तिच्या बोलण्यात मेळ नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. सोळा दिवस दाजींनी तसं दूध प्यायलं. सतराव्या दिवशी, रविवारी, त्यांनी मेहुण्याला पंप घेऊन बोलावलं.

त्या दिवशी मी खोलीतच होतो. दाजींनी पंप धुतला, जुळवला, आणि स्क्रू पाव आटा फिरवला. “दिसलं का?” “दिसलं दाजी!” “जा, हात धुऊन ये. साबण लाव.” मेहुणा नळाकडे पळाला. तो पाठमोरा होताच दाजींनी पाना पुन्हा लावला आणि स्क्रू होता तिथं परत आणून ठेवला. मग स्वच्छ फडक्यानं तो पुसला आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं, काचेच्या मापाकडे बघावं तसं.

“पाव्हणं, काय बघितलं तुम्ही?”

“काही नाही.”

“बराबर.”

मेहुणा ओल्या हातांनी आला, त्यानं ओठ चावून शिसं दाबलं, आणि दाजींच्या पाया पडला.

दुसऱ्या खेपेला तो परत आला तो आनंदानं वेडा होऊन. गाडी उडते, म्हणाला. कसाऱ्याचा घाट गाडीनं मागच्यापेक्षा एक गिअर वर राहून चढला, म्हणाला. चढला असेलही, सहा मापं आयुष्यात पहिल्यांदा जुळली होती. अक्का पुन्हा दूध गाळू लागली. मेहुणा प्रत्येक जकातनाक्यावर, प्रत्येक ढाब्यावर सांगत सुटला, “आमच्या दाजींचा हात फिरलाय हिच्यावर.” आणि एक विचित्र गोष्ट झाली. गाडीत ताकद आहे याची खात्री पटल्यावर ती दाखवायची त्याची घाई कमी झाली. मनात आणलं तर आत्ता मागं टाकीन, असं म्हणत तो लोकांच्या मागून निवांत येऊ लागला. मी मात्र अडकलो. घरच्या प्रत्येक कार्यात तो मला धरून पाव आट्याची कथा सांगे आणि शेवटी, “तुम्ही तर समोर होते की धाकटे दाजी!” असं म्हणून साक्ष मागे. मी होतोच समोर. घरातल्याच माणसाला फसवलं हे अक्काला कळलं असतं, तर ती दाजींना सोडून गेली नसती, पण पुन्हा कधी त्यांचा शब्द खरा धरला नसता. आणि दाजींपाशी शब्दापलीकडे होतंच काय? मेहुणा म्हणूनच त्यांनी ही लबाडी केली, बाकीच्यांना खरं देतात, अशी मी माझी समजूत घातली आणि सात-आठ वर्षं गप्प बसलो.

ते फुटलं मालेगावात. मेहुण्याचा पंप वाटेत बिघडला आणि त्यानं तो तिथल्याच एका मिस्त्रीकडे टाकला. मिस्त्रीनं सील तोडलं, पंप यंत्रावर चढवला, मापं पाहिली आणि म्हणाला, “इसको तो किसीने छेडाही नहीं, भाई. कंपनी का माप है.” मेहुणा दुरुस्त झालेला पंप उचलून तिथून निघाला तो थेट द्वारकेला आला. रविवार होता, दुपारचे चार वाजत आले होते. तो पायांत चपला तशाच ठेवून, हात न धुता, मालेगावपासूनची सगळी धूळ अंगावर घेऊन आतल्या खोलीत शिरला. त्या खोलीत चप्पल आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दाजी त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत राहिले.

“आठ वर्सं मी जगाला सांगत फिरलो दाजी! दाजींचा हात फिरलाय म्हनून!”

“मग गाडी चढत होती ना?”

“चढत होती!”

“मग?”

“पन खोटी चढत होती!” असं ओरडून तो रडायलाच लागला. “जगाला खरं देता आन् मलाच खोटं. अक्काला सांगतो आता.”

दाजी उठले. त्यांनी कामाला घेतलेला उघडा पंप फडक्यानं झाकला, आणि मेहुण्याचा तो मळका हात आपल्या पांढऱ्या बाहीखाली धरून त्याला रस्ता ओलांडून टपरीवर नेलं. मी मागोमाग गेलो. कुबडीवाल्यानं न विचारता तीन चहा ठेवले. मेहुण्याचं रडं चालूच होतं. “बाकीच्यांना खरं दिलं ना?” असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी कुबडीवाल्यानं पातेलं खाली उतरवलं आणि म्हणाला, “मला दिलं होतं खरं.”

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला.

“अर्धा आटा. ह्यांचा काय दोष नाय, मीच मागितला. तवा हे कुनाला काय विचारत नव्हते, मागंल त्याला देत होते. भरली गाडी घेऊन कसारा चढत होतो, लय पळवली. इंजिन तापून जाम झालं आन् गाडी मागं यायला लागली. मी उडी टाकली, पाय ऱ्हायला चाकाखाली.” मग त्यानं मेहुण्याच्या ग्लासकडे बोट दाखवलं. “प्या, थंड व्हतोय.”

दाजी आपला चहा पीत होते. ग्लास तिरका करून त्यांनी तळचा चोथाही पिऊन टाकला. तेव्हा, फार उशिरा, माझ्या कारकुनी डोक्यात उजेड पडला. दोनदा हात धुण्याचं ते प्रकरण, ते सगळे ड्रायव्हर पाठमोरे होऊन नळावर नखं घासत उभे, आणि खोलीत एकटे दाजी. मेहुण्याला वेगळं काही झालंच नव्हतं. मनमाडपासून मुंबईपर्यंत ज्यांच्या ज्यांच्यावर दाजींचा हात फिरला होता, ते सगळे कंपनीच्या मापावर घाट चढत होते. एवढी मोठी गोष्ट आता आमच्या मेहुण्याच्या हाती आली होती, ज्याच्या पोटात स्वतःच्या साखरपुड्याची बातमीही एक दिवस राहिली नव्हती. दाजींचं दुकान, नाव, अक्कासमोरची मान, सगळं त्याच्या जिभेवर होतं, आणि दाजी त्याला एका शब्दानं ‘सांगू नको’ म्हणाले नाहीत.

मेहुणा चहा संपवून उठला आणि दुकानाकडे चालू लागला. दारात त्यानं चपला काढल्या. नळावर हात धुतले, ओल्या पोत्यावर पाय पुसले, आणि आपण घाण केलेली फरशी स्वतः ओल्या फडक्यानं पुसून काढली. दाजींनी त्याचा पंप यंत्रावर चढवला. मालेगावच्या मिस्त्रीनं बिघाड काढला होता, पण मापं हलवली होती. दोन तास दाजी उकिडवे बसून ती जुळवत होते. सहाही पातळ्या एका रेषेत आल्यावर ते थांबले, आणि आता पुढं काय करावं ते त्यांना सुचेना. इतक्या वर्षांत त्यांना असं मी पाहिलं नव्हतं.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “पाव आटा द्या.”

दाजींनी पाना घेतला आणि स्क्रू पाव आटा फिरवला. “दिसलं का?” असं त्यांनी विचारलं.

“दिसलं.”

त्याला ‘जा’ म्हणून सांगावं लागलं नाही. तो आपण होऊन बाहेर गेला, आमच्याकडे पाठ करून नळापाशी उभा राहिला, आणि साबण लावून हात धुऊ लागला. पाना केव्हाच खाली ठेवून झाला होता तरी तो धूतच होता. आयुष्यात कशालाही वेळ न देणारा तो माणूस त्या दिवशी नळावर किती वेळ उभा राहिला, ते मी विसरणार नाही.

त्यानंतर तो घाटात, ढाब्यावर, नाक्यावर पूर्वीसारखंच सांगत राहिला, “आमच्या दाजींचा हात फिरलाय हिच्यावर.” अक्काला तो काही बोलला नाही. माझ्यापाशीही त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, फक्त मला साक्षीला बोलावणं बंद केलं.

ऐंशीचं दशक संपता संपता दाजी छातीच्या दुखण्यानं गेले. विहारातल्या वंदनेला इतके ट्रकवाले आले, की रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. कुबडीवाला सगळ्यांत पुढं बसला होता. जो तो माझ्याजवळ येऊन हळूच सांगत होता की दाजींनी आपल्याला पाव आटा दिला होता, असा तसा नाही, अगदी खराखुरा. मी मान हलवत होतो. वंदना झाल्यावर मंडळी अक्काच्या घरी भेटायला आली, तेव्हा अंगणातल्या नळापाशी मेहुणा उभा होता. त्यानं पांढरा सदरा घातला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपला तो बाहेर काढून घेत होता, हातावर पाणी घालत होता, आणि डोळे पुसत पुसत सांगत होता, “साबण लावा. सावकाश. घाई करू नका.”